वाफेचा माग

१८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात या सर्वांवर बंदी घातली. २७ नोव्हेंबरला लोकसभेने व २ डिसेंबरला राज्यसभेने त्याच आशयाचे विधेयक मंजूर केले आणि ५ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळून २०१९ चा ४२ वा कायदा अस्तित्वात आला. विडी, सिगारेट आणि खाण्याची तंबाखू यांच्याविषयीचे केंद्राचे धोरण कर वाढवणे, वेष्टनावर इशारा छापणे, वयाची व जागेची मर्यादा घालणे अशा मधल्या वाटेने चालत आलेले असताना, निकोटिनच्या एका संपूर्ण उत्पादनप्रकाराला देशात पायच ठेवू द्यायचा नाही असा निःसंदिग्ध निर्णय संसदेने घेतला होता. तरीही आज मुंबई-पुण्यातील महाविद्यालयांच्या आसपास ‘वेप’ या आटोपशीर नावाने हेच उपकरण मिळते, आणि शाळेच्या दप्तरात पेन व हायलायटर यांच्या शेजारी ते सहज लपून जाते. कायदा अपुरा म्हणून हे घडते, असे म्हणणे सोयीचे असले तरी ते अर्धेच खरे आहे. कायद्याने बोट विक्रेत्याकडे आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या आयातदाराकडे दाखवले आहे. अंमलबजावणीचा हात मात्र पुष्कळदा साखळीच्या शेवटच्या कडीपाशी, म्हणजे टपरीपाशी आणि तेथे येणाऱ्या कोवळ्या गिऱ्हाइकापाशी, येऊन थांबतो.

प्रथम हे उपकरण म्हणजे काय ते पाहणे आवश्यक आहे, कारण त्याच्या रचनेतच त्याच्या प्रसाराचे बरेचसे रहस्य दडलेले आहे. होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३ मध्ये आजच्या ई-सिगारेटचा पूर्वज असलेले उपकरण तयार केले. त्यात एक बॅटरी, एक तापणारी तार, कापसासारखी एक वात आणि एक द्रव असे चार मुख्य घटक असतात. तोंडाने ओढ घेतली की तार तापते, वातीत मुरलेला द्रव उडतो आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंबांचे धुके बनून फुप्फुसात जाते. बोलीभाषेत याला वाफ म्हणतात, परंतु ही चहाच्या किटलीतून निघणारी पाण्याची वाफ नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन हे दोन दाट द्रव, निकोटिन, कृत्रिम स्वाद आणि तापलेल्या तारेतून सुटणारे निकेल, क्रोमियम व शिसे यांसारख्या धातूंचे कण यांचे ते मिश्रण असते, आणि तार अधिक तापली तर त्यात फॉर्मल्डिहाइडही तयार होते. सिगारेटच्या धुरात असणारे डांबर व कार्बन मोनॉक्साइड यात नसतात, हे खरे आहे. मात्र ‘यात काहीच नसते, नुसती वाफ असते’ हा जो समज मुलांमध्ये पसरवला जातो, त्याला कोणताही आधार नाही.

मुलांच्या दृष्टीने निर्णायक ठरलेला बदल तारेत किंवा बॅटरीत झाला नाही; तो झाला निकोटिनच्या रासायनिक रूपात. तंबाखूतील निकोटिन मोकळ्या स्वरूपात, जास्त मात्रेने ओढले की घशात जळजळ होते आणि नवशिक्याला ठसका लागतो. हा ठसका म्हणजे शरीराने घातलेला पहारा होता. २०१५ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या जूल या उपकरणाने बेंझोइक आम्लाशी संयोग केलेले निकोटिन, म्हणजे ‘निकोटिन सॉल्ट’ किंवा निकोटिनचा क्षार, वापरले. त्यामुळे द्रवातील निकोटिनचे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत नेऊनही घशाला ते मऊ लागू लागले आणि पहारा उठला. त्यावर आंबा, कलिंगड, पुदिना, बर्फगार निळी जांभळे असे स्वाद चढवले की पहिल्याच झुरक्यात नकोसे वाटण्याचा जो नैसर्गिक अडथळा होता तोही दूर होतो. आज बेकायदा बाजारात आढळणारी बहुतांश उपकरणे एकदा वापरून फेकण्याची असून त्यांच्या वेष्टनावर हजारो झुरक्यांची ग्वाही असते. एका सिगारेटचे १० ते १५ झुरके धरले, तर ५,००० झुरक्यांचे एक उपकरण झुरक्यांच्या संख्येने सुमारे ३३० ते ५०० सिगारेटींच्या बरोबरीचे होते. सिगारेट जळत जळत स्वतःच संपते आणि ओढणाऱ्याला क्षणभर थांबवते. या उपकरणाला असा शेवट नसल्यामुळे, वर्गात, बसमध्ये, अंथरुणात, केव्हाही एखादा झुरका घेता येतो आणि दिवसभरात एकूण किती निकोटिन पोटात, खरे तर रक्तात, गेले याचा हिशेब वापरणाऱ्यालाही राहत नाही.

निकोटिन मेंदूत पोहोचायला काही सेकंद पुरतात. तेथे ते डोपामिन या सुखसंवेदनेशी निगडित रसायनाचा स्राव वाढवते आणि मेंदू त्या स्रावाला सरावतो. सराव मोडला की चिडचिड, अस्वस्थता, एकाग्रता न होणे, झोप बिघडणे अशी लक्षणे दिसू लागतात, ज्यांना आपण तलफ म्हणतो. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे निर्णय घेणारा व आवर घालणारा भाग, वयाच्या साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे चौदा-पंधराव्या वर्षी लागलेली सवय प्रौढ वयात लागलेल्या सवयीपेक्षा लवकर जडते आणि उशिरा सुटते. या वयातील मुलगा अभ्यासात मागे पडू लागला, वारंवार उठून बाहेर जाऊ लागला, कारण नसताना चिडू लागला की घरची मंडळी ते वयाचे चाळे समजतात. त्यामागे निकोटिनची तलफ असू शकते, ही शक्यता मराठी घरांत अजून पुरेशी शिरलेली नाही, आणि वास येत नसल्यामुळे ती शिरणेही अवघड जाते.

भारतातील व्याप्तीविषयीची जी राष्ट्रीय आकडेवारी हाताशी आहे ती बंदीपूर्वीची आहे. प्रौढांच्या २०१६-१७ च्या जागतिक तंबाखू सर्वेक्षणात ई-सिगारेट वापरणाऱ्यांचे प्रमाण अगदी नगण्य आढळले होते, तर २०१९ मध्ये १३ ते १५ वर्षे वयाच्या शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणात २.८ टक्के मुलांनी ई-सिगारेट कधी ना कधी वापरल्याचे सांगितले. ज्या वस्तूची प्रौढांमध्ये जवळजवळ ओळखच नव्हती ती काही वर्षांतच शाळकरी वयात दिसू लागली, यातून तिचा कल कोणत्या वयाकडे आहे ते कळते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात १० कोटींहून अधिक लोक ई-सिगारेट वापरतात, त्यांपैकी किमान १.५ कोटी १३ ते १५ वर्षांचे आहेत, आणि ज्या देशांची आकडेवारी मिळते तेथे मुलांनी वेप ओढण्याची शक्यता प्रौढांच्या सरासरी नऊपट आहे. व्यसन सोडण्याचे साधन म्हणून पुढे आणलेल्या वस्तूचे गिऱ्हाईक, ज्यांना अजून व्यसनच लागलेले नाही असे असावे, यापरते गंभीर काही नाही.

या बंदीविरुद्धचा युक्तिवाद टाकाऊ नाही, आणि त्याला प्रामाणिक उत्तर देणे आवश्यक आहे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये ई-सिगारेट धूम्रपानापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज मांडला होता. वैद्यकीय पुराव्यांचा साकल्याने आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या परीक्षणांतही निकोटिनयुक्त ई-सिगारेटमुळे सिगारेट सोडण्यास, निकोटिनच्या गमपेक्षा किंवा पट्टीपेक्षा, अधिक मदत होते असे आढळले आहे. तीस वर्षे रोज पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्या ब्रिटिश माणसासाठी हा हिशेब कदाचित लाभाचा ठरत असेल. परंतु महाराष्ट्राचे चित्रच वेगळे आहे. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले आणि त्यांतील बहुसंख्य, म्हणजे एकूण प्रौढांपैकी २४.४ टक्के, खाण्याची, चघळण्याची किंवा दातांना लावण्याची तंबाखू वापरणारे होते. मशेरी लावणाऱ्या बाईला किंवा चुन्याबरोबर तंबाखू मळणाऱ्या शेतमजुराला वेपचा काहीएक उपयोग नाही, आणि ते वेप विकत घेतही नाहीत; तो घेतो महाविद्यालयात जाणारा मुलगा, ज्याच्या घरात कदाचित कुणी सिगारेट ओढलेलीच नाही. ज्यांना सिगारेट किंवा तंबाखू सोडायची आहे त्यांच्यासाठी निकोटिनचे गम औषधाच्या दुकानात मिळते, आणि औषध कायद्याखाली परवाना असलेली अशी उत्पादने या बंदीतून स्पष्टपणे वगळलेली आहेत. २०१९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या श्वेतपत्रिकेत पूर्ण बंदीची शिफारस केली तेव्हा हाच विचार तिच्या मुळाशी होता: थोड्यांचा संभाव्य लाभ एका अख्ख्या पिढीला नव्याने निकोटिन लावण्याच्या मोबदल्यात घ्यावा काय?

त्याच सुमारास अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांना फुप्फुसांचा तीव्र आजार होऊ लागला होता. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्णांची व ६८ मृत्यूंची नोंद झाली. पुढील तपासात या आजाराचा संबंध मुख्यतः गांजातील घटक असलेल्या, बेकायदा बनवलेल्या द्रवांतील ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ या पदार्थाशी असल्याचे आढळले. बंदीच्या समर्थनार्थ हे मृत्यू सरसकट निकोटिनच्या वेपच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही. मात्र ज्या द्रवात काय घातले आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते तो द्रव थेट फुप्फुसात गेला तर काय होऊ शकते, हा धडा त्यातून मिळतो, आणि बेकायदा बाजाराला तो अधिकच लागू पडतो.

आता कायद्याच्या शब्दांकडे वळावे. २०१९ च्या कायद्यातील ई-सिगारेटची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे: कोणताही पदार्थ तापवून ओढण्याजोगे धुके तयार करणारे विद्युत उपकरण, मग त्यात निकोटिन असो वा नसो, स्वाद असो वा नसो, त्याचे नाव, आकार व रूप कोणतेही असो, ते ई-सिगारेटच होय, तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणे आणि विद्युत हुक्का यांचाही तीत समावेश आहे. या रुंदीचे महत्त्व न्यायालयात कळते. ‘यात निकोटिन नाही, नुसता फळांचा स्वाद आहे’ हा बचाव या व्याख्येपुढे टिकत नाही, त्यामुळे गुन्हा सिद्ध करण्यासाठी द्रवातील निकोटिनचे प्रमाण मोजून आणण्याची गरज राहत नाही. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री किंवा जाहिरात यांसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, आणि आपल्या जागेत जाणूनबुजून साठा ठेवू दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशा शिक्षा आहेत. उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला झडतीचा व जप्तीचा अधिकार आहे, आणि राज्य सरकारला त्या दर्जाच्या अन्य अधिकाऱ्यांनाही अधिसूचनेने तो देता येतो.

या तरतुदींत ओढणाऱ्यासाठी शिक्षेचे स्वतंत्र कलम नाही, आणि ही उणीव नसून या कायद्याचे शहाणपण आहे. २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने, कोणत्याही स्वरूपात व कितीही संख्येने ई-सिगारेट बाळगणे हे कायद्याचे उल्लंघन असल्याचे स्पष्टीकरण दिले. विक्रेत्यांनी ‘हे माझ्या स्वतःच्या वापरासाठी आहे’ असे सांगून सुटू नये यासाठी ते उपयोगी आहे. मात्र त्याच स्पष्टीकरणाच्या आधाराने पंधरा वर्षांच्या मुलाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवण्याची वाट मोकळी झाली, तर कायद्याचा रोख उलटा फिरेल. तसे झाल्यास मुले माल कोठून आणला हे सांगणार नाहीत, पालक मदत मागणार नाहीत, आणि विक्रेता निर्धास्त होईल. गिऱ्हाईक हा येथे साक्षीदार आहे. त्याला आरोपी केले की माग तेथेच पुसला जातो.

माग काढायचा तर तो समुद्रापलीकडे जातो. जगातील सुमारे ९० टक्के वेप चीनमध्ये, त्यातही मुख्यतः शेन्झेन शहराच्या परिसरात, बनतात. त्याच चीनने १ ऑक्टोबर २०२२ पासून स्वतःच्या नागरिकांसाठी तंबाखूखेरीज अन्य सर्व स्वादांच्या ई-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली, निर्यात मात्र चालू ठेवली. आंबा आणि कलिंगड यांचे स्वाद आपल्या मुलांसाठी घातक आहेत असे ज्या राज्याने मानले, तेथूनच ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी जहाजावर चढतात. भारतात ही आयात सप्टेंबर २०१९ पासूनच निषिद्ध आहे, म्हणून हा माल खऱ्या नावाने येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने गुजरातमधील मुंद्रा बंदरात सुमारे दोन लाख वेप पकडले, तेव्हा कागदोपत्री तो माल लादी पुसण्याची साधने म्हणून दाखवलेला होता आणि त्याची किंमत सुमारे ४८ कोटी रुपये सांगण्यात आली. भागाकार केला तर एका नगाची किंमत साधारण २,४०० रुपये पडते. हा आकडा मनात ठेवून कायद्यातील शिक्षेकडे पुन्हा पाहावे: पहिल्या गुन्ह्याचा जास्तीत जास्त दंड, एक लाख रुपये, म्हणजे अवघ्या ४२ नगांची किंमत. दोन लाख नग आणणाऱ्याच्या दृष्टीने तो दंड व्यापारातील एक किरकोळ खर्च आहे.

त्यामुळेच बंदरावरील कारवाईला शहरातील कारवाईपेक्षा निराळे वजन आहे. सीमाशुल्क कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली एक कोटी रुपयांहून अधिक बाजारभावाच्या मालाच्या तस्करीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि माल कोणी मागवला, पैसे कोठून कोठे गेले, आधी किती खेपा आल्या, हे शोधण्याची साधने सीमाशुल्क व महसूल गुप्तचर यंत्रणेकडे असतात. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा हे देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक असल्याने महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध केवळ ग्राहकाचा नाही. बंदरात उतरणारा प्रत्येक कंटेनर उघडून पाहणे कोणत्याही देशाला शक्य नसते. मालाचा प्रकार, पाठवणारा, आयातदाराचा पूर्वेतिहास यांवरून संशयित कंटेनर निवडले जातात. ही निवड माहितीवर चालते, आणि येथेच दोन यंत्रणांमधील दरी दिसते. शहरातील पोलीस ठाण्यात जप्त झालेल्या वेपवर उत्पादकाचे नाव, तुकडीचा क्रमांक, कधी पडताळणीचा चौकोनी संकेतही छापलेला असतो. तो तपशील पंचनाम्यात ‘वेगवेगळ्या स्वादांचे नग’ एवढ्याच शब्दांत विरून न जाता सीमाशुल्क यंत्रणेपर्यंत पोहोचला, तर एका टपरीवरचे दहा नग एका कंटेनरपर्यंत नेऊ शकतात. प्रवाशांच्या बॅगांतून दुबई-बँकॉककडून येणारा माल हा या प्रवाहातील लहान ओहोळ आहे, आणि त्याच्याकडेच सारे लक्ष लागून राहणे परवडणारे नाही.

शहरातील वितरणाचे स्वरूपही बदललेले आहे. पानाच्या दुकानात मागच्या फळीवर ठेवलेला माल हा त्याचा एक भाग असून, ओळखीतून मिळालेल्या भ्रमणध्वनी क्रमांकावर संदेश पाठवणे, स्वादांची यादी मागवणे, पैसे मोबाईलवरून देणे आणि वस्तू पोहोचवणाऱ्या मुलाकरवी ती घराच्या फाटकाशी घेणे हा दुसरा, अधिक निसटता भाग आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ई-सिगारेट विकणाऱ्या १५ संकेतस्थळांना नोटिसा दिल्या. नागरिकांना तक्रार नोंदवता यावी म्हणून स्वतंत्र व्यवस्थाही सुरू केली. संकेतस्थळाला निदान पत्ता असतो, संदेशांच्या बंद गटांना तोही नसतो. तरीही पैशांचा मार्ग उरतोच, कारण मोबाईलवरून दिलेला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी खात्यात जातो, आणि विक्रेत्याचे खाते तपासणे ही तपासाची साधी, नेहमीची पायरी आहे. जाहिरातीच्या कलमाचाही पुरेसा वापर व्हायला हवा: वेप हातात धरून धुराची वलये सोडणारा, मागे दुकानाचा क्रमांक झळकवणारा समाजमाध्यमावरील व्हिडिओ ही कायद्याच्या दृष्टीने जाहिरात आहे आणि तिला विक्रीइतकीच शिक्षा आहे.

महाराष्ट्राला बंदीचा अनुभव नवा नाही, आणि तो अनुभव फारसा आश्वासक नाही. जुलै २०१२ मध्ये राज्याने अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे गुटख्यावर बंदी घातली. ती आदेशामागून आदेश काढून आजवर चालू ठेवली, आणि तरीही शेजारच्या राज्यांतून ट्रकांनी येणारा गुटखा पकडला जाण्याच्या बातम्या वर्षानुवर्षे थांबलेल्या नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतील कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा बळी गेल्यानंतर २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी आली, तर ‘हर्बल’ नावाखाली हुक्का देण्याची पळवाट लगेच वापरात आली. गुटख्याबाबत निदान एक यंत्रणा, अन्न व औषध प्रशासन, थेट उत्तरदायी आहे. वेपच्या बाबतीत पोलीस ठाण्याच्या असंख्य कामांत हे आणखी एक काम म्हणून येते, पहिला गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असल्याने आरोपी लवकर जामिनावर सुटतो, आणि खटल्याचा पाठपुरावा कोणी करायचा हे कोणाच्याच नावावर लिहिलेले नसते. अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना अधिसूचनेने हे अधिकार द्यावेत, जिल्हा पातळीवर एका अधिकाऱ्याचे नाव या कामासाठी निश्चित करावे, आणि एकदा पकडलेला विक्रेता पुन्हा सापडला तर तीन वर्षांच्या कलमाचा खरोखर वापर करावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी संसदेकडे जावे लागत नाही.

यशस्वी झालेल्या तंबाखूबंदीचे उदाहरणही याच किनाऱ्यावर आहे. गोव्याने १९९७ मध्येच सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकणे यांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि मुंबईचे मुरली देवरा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये देशभर सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. आज रेल्वेच्या डब्यात किंवा चित्रपटगृहात कोणी सिगारेट पेटवली तर शेजारचा माणूस हटकतो. त्या नियमाचे खरे पहारेकरी प्रवासी आणि प्रेक्षक झाले, कारण धूर दिसत होता, वास येत होता, त्रास होत होता. वेपचे धुके काही क्षणांत विरते आणि मागे आंब्याचा किंवा पुदिन्याचा मंद गंध उरतो. समाजाचा जो पहारा सिगारेटला आवर घालण्यास कामी आला तो येथे आपोआप उभा राहत नाही; तो शिकवून, उपकरण ओळखायला लावून उभा करावा लागतो.

इतर देशांचे अनुभव या संदर्भात उद्बोधक आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये उच्च माध्यमिक शाळांतील २७.५ टक्के विद्यार्थी वेप ओढत होते. विक्रीचे किमान वय २१ करणे, स्वादांवर मर्यादा, कंपन्यांवरील खटले आणि शाळांतील जागृती यांच्या एकत्रित जोरावर २०२४ मध्ये उच्च माध्यमिक शाळांतील हे प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. ही लाट ओसरू शकते, याचा तो पुरावा आहे. ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०२४ पासून फेकून देण्याच्या वेपची आयात थांबवली आणि त्याच वर्षी जुलैपासून सर्व वेपची विक्री औषधालयांपुरती आणली. ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकण्याच्या वेपवर बंदी घातली; तेथे दर आठवड्याला असे ५० लाख वेप फेकले जात असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला होता. सिंगापूरने २०१८ पासून वापरणाऱ्यालाही दंड ठेवला. अलीकडे तेथे एटोमिडेट हे शस्त्रक्रियेतील गुंगीचे औषध वेपच्या द्रवात मिसळलेले सापडू लागल्याने त्या सरकारने २०२५ मध्ये त्याला अमली पदार्थांच्या यादीत टाकले. ही शेवटची घटना भारतासाठी सर्वांत चिंतेची आहे, कारण जो मार्ग आज निकोटिनसाठी तयार झाला आहे त्याच मार्गाने उद्या दुसरे काहीही आत येऊ शकते, आणि उपकरण बाहेरून तसेच दिसेल.

पकडलेल्या मालाचे काय होते, हाही दुर्लक्षित प्रश्न आहे. प्रत्येक वेपमध्ये लिथियमची बॅटरी असते. हजारो बॅटऱ्या मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या खोलीत महिनोन्‌महिने पडून राहिल्या तर आगीचा धोका संभवतो, आणि त्या कचऱ्याबरोबर जाळल्या किंवा पुरल्या तर जड धातू माती-पाण्यात उतरतात. नमुने राखून उर्वरित साठा न्यायालयाच्या परवानगीने लवकर अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पाठवणे हे जप्तीइतकेच आवश्यक काम आहे.

शाळा-महाविद्यालयांची भूमिका सर्वांत नाजूक आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या, आत तंबाखूची विक्री निषिद्ध आहे. तंबाखूमुक्त शाळांच्या मोहिमेमुळे महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या फाटकावर तसा फलकही लागला आहे. वेपसाठी १०० यार्डांची रेषा मुळातच नाही, कारण त्याची विक्री देशात कोठेच कायदेशीर नाही. फलकावर हे वाक्य वाढवायला एक रंगाचा डबा पुरेल. मात्र वर्गात वेप सापडल्यावर मुलाला काढून टाकणे, नाव जाहीर करणे, पालकांना अपमानित करणे हे प्रकार घडतात आणि ते सर्वस्वी चुकीचे आहेत. शाळेतून काढलेला मुलगा वेप सोडत नाही. तो शाळा सोडतो. निकोटिनची तलफ सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक तीव्र असते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. त्या काळात त्याच्याशी बोलणारा एक शिक्षक, झोप व जेवण सांभाळणारे घर आणि गरज पडल्यास डॉक्टर एवढे असले तर बहुतेक मुले बाहेर पडू शकतात. माल कोणी दिला हे तो त्यानंतरच, आणि विश्वासाने, सांगेल.

सिगारेटच्या व तंबाखूच्या प्रत्येक वेष्टनावर सप्टेंबर २०१८ पासून व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेचा क्रमांक छापणे बंधनकारक आहे. वेपच्या वेष्टनावर तो असण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे ज्या मुलांना त्याची आज निकड आहे त्यांच्याच नजरेस तो पडत नाही. पालकांनी तो क्रमांक घरात दिसेल अशा जागी लिहून ठेवावा: १८००-११-२३५६. या क्रमांकावरील सेवा विनामूल्य आहे.